व्हेंटिलेटर काढला, म्हणजे पाप केलं का?

प्रश्न : डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही सासऱ्यांचा व्हेंटिलेटर काढला. दीर म्हणतात, कॅथलिक घरात असं करणं पाप आहे. तुमच्या एका उत्तरात फादर रिचर्ड मॅकॉर्मिक यांचा उल्लेख होता. त्यांचं यावर म्हणणं काय? – एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, आधीच सांगते, हे पाप नाही. मी आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं, म्हणून पोप पायस बारावे यांचं 1957 मधलं भाषण मला जवळचं वाटतं. ते भूलतज्ज्ञांपुढेच झालं होतं. उपचार करणं कर्तव्य आहे, पण रुग्णावर किंवा घरच्यांवर असह्य ओझं टाकणारे असाधारण उपचार बंधनकारक नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

हाच धागा मॅकॉर्मिकनी पुढे नेला. ते अमेरिकेतल्या ओहायोचे, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू आणि नीतिशास्त्राचे अभ्यासक. वडील डॉक्टर, अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे अध्यक्ष. त्याच संस्थेच्या नियतकालिकात फादरांनी 1974 मध्ये एक लेख लिहिला. त्याला निमित्त होतं एका बाळाचं. अमेरिकेतल्याच मेन राज्यात गंभीर व्यंगं घेऊन जन्मलेल्या बाळाच्या आईवडिलांनी शस्त्रक्रियेला नकार दिला होता. कोर्टाने ती करायला लावली, तरी बाळ गेलं. फादरांचं म्हणणं असं : जीव मोलाचाच, पण तो माणसांशी नातं जोडण्यासाठी आहे. ती शक्यताच उरली नसेल, किंवा नुसत्या तगून राहण्याच्या झगड्यात पार बुडाली असेल, तर उपचार थांबवता येतात. मात्र कोणाचा जीव कमी किमतीचा असतो, असा अर्थ त्यांनी कधीच काढू दिला नाही. निर्णय रुग्णाच्याच हिताचा हवा. खर्चाला किंवा सेवेला कंटाळून घेतलेला नव्हे. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. आयसीयूबाहेर बिलाचा कागद हातात धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याशी आधी आजाराबद्दल बोलायचं, पैशांचं नंतर, हे कटाक्षाने पाळलं आहे.

फादरांची सगळी मतं रोमला पटली नाहीत, हे दिरांना माहीत असेल. पण पोपच्या त्या शिकवणीबद्दल दुमत नाही. कायद्याचं म्हणाल, तर आपल्या सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये असे उपचार थांबवण्याचा मार्ग मान्य केला आणि 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली. त्यासाठी डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत लागतं. रुग्णालयाकडून त्या नोंदींची प्रत मागून घ्या आणि दिरांना बरोबर घेऊन डॉक्टरांना भेटा. आजार कुठवर गेला होता, हे त्यांनी स्वतः ऐकायला हवं.