निवडणूक झाली म्हणजे निर्बंध उठवावेत का?

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यात तूर पिकवतो. म्यानमारची तूर भारतात येते, हे बाजार समितीत नेहमी कानावर पडते. एखादा देश लष्करी राजवटीतून लोकशाहीकडे परतला की त्याच्यावरील निर्बंध लगेच उठवावेत का? आणि म्यानमारवरचे उठले, तर आमच्या भावावर परिणाम होईल का?
– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : निवडणूक होणे वेगळे आणि सत्ता लोकांच्या हाती येणे वेगळे, निर्बंधांचा निर्णय दुसऱ्या गोष्टीवर व्हावा, असे माझे ठाम मत आहे. म्यानमारमध्ये २०१५च्या निवडणुकीत लोकशाहीवादी नेत्या आँग सान स्यू ची यांच्या पक्षाला मोठे बहुमत मिळाले आणि ऑक्टोबर २०१६मध्ये अमेरिकेने जेड (एक हिरवा मौल्यवान खडा) व माणकांच्या आयातबंदीसह बहुतेक आर्थिक निर्बंध उठवले. परंतु २००८च्या राज्यघटनेने संसदेतील २५ टक्के जागा लष्करासाठी राखल्या होत्या, गृह, संरक्षण आणि सीमा ही खाती लष्करप्रमुखाने सुचवलेल्या अधिकाऱ्यांकडेच होती, आणि महत्त्वाच्या घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून अधिक मते लागत असल्याने लष्कराच्या संमतीवाचून यात काहीच बदलता येत नव्हते. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि पाश्चात्त्य देशांनी पुन्हा निर्बंध घातले.

दक्षिण आफ्रिकेबाबत संयुक्त राष्ट्रांनी पाळलेला क्रम मला अधिक शहाणपणाचा वाटतो. (वर्णद्वेषाविरुद्ध तिच्याशी व्यापार सर्वांत आधी, १९४६मध्ये, तोडला तो भारताने.) १९९०मध्ये तुरुंगातून सुटल्यावरही नेल्सन मंडेला निर्बंध कायम ठेवण्याचाच आग्रह धरत होते. सत्तांतराची देखरेख करणाऱ्या परिषदेचा कायदा मंजूर झाला, तेव्हा कुठे सप्टेंबर १९९३मध्ये त्यांनी आर्थिक निर्बंध उठवण्याची विनंती केली. १९७७पासूनची शस्त्रबंदी मात्र मे १९९४मध्ये, म्हणजे सर्वांना मताधिकार देणाऱ्या पहिल्या निवडणुकीनंतर, उठली. रोजगाराला जखडणारी बंधने आधी सुटावीत आणि शस्त्रांवरची सर्वांत शेवटी.

आता तुरीविषयी. भारताने म्यानमारवर असे व्यापारी निर्बंध घातलेलेच नाहीत. उलट २०२१मध्ये, लष्करी उठावानंतर काही महिन्यांतच, पाच वर्षे दरवर्षी १ लाख टन तूर व अडीच लाख टन उडीद आयात करण्याचा सामंजस्य करार केला. त्यामुळे अमेरिका किंवा युरोपीय संघाच्या निर्णयापेक्षा आयातशुल्क आणि आयातीची मुदत यांविषयीच्या केंद्र सरकारच्या अधिसूचनांचा तुमच्या भावाशी थेट संबंध आहे. नवी तूर बाजारात येते त्या जानेवारी ते मार्चच्या काळात त्यांवर विशेष लक्ष ठेवावे.