दप्तर पाठीवरचं आणि कचेरीतलं

हिंदीत 'दफ्तर' म्हणजे ऑफिस. मग आमची मुलं पाठीवर दप्तर कशी नेतात?

शब्द एकच, आणि मुळात तो कागदांचा. फारसीत दफ्तर म्हणजे नोंदवही. त्याच्याही मागे ग्रीक 'दिफ्थेरा' आहे, म्हणजे कातडं. पूर्वी त्यावर लिहीत. आपल्याकडे चौकोनी फडक्यात कागद ठेवून टोकांना गाठ मारत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद असेच रुमालांत बांधून ठेवलेले. पोरांच्या वह्या-पुस्तकांचं गाठोडंही दप्तरच झालं. पुढे फडकं जाऊन पिशवी आली, नाव मात्र टिकलं. हिंदीने जागा धरली, आपण गाठोडं धरलं. सरकारी मराठीत मात्र कागदांचा अर्थ अजून जिवंत आहे: दप्तरी दाखल, दप्तरदिरंगाई. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांवरच्या २००५ च्या कायद्याला लोक 'दप्तरदिरंगाई कायदा'च म्हणतात.

शिवकाळात यंत्रं नव्हती, मग राज्यकारभारात सांगतात ते अठरा कारखाने कसले?

कार म्हणजे काम, खाना म्हणजे घर. कारखाना म्हणजे कामाचं खातं, बस्स. त्या अठरांत पीलखाना (हत्ती), उष्ट्रखाना (उंट), फरासखाना (तंबू, जाजमं) येतात. पुणेकर फरासखाना म्हटलं की पोलीस ठाणंच डोळ्यांपुढे आणतो! याच यादीत दफ्तरखानाही आहे, आणि मला ती नोंद फार मोलाची वाटते. दफ्तर हे कागद, ते ठेवायची जागा दफ्तरखाना. पुढे बहुधा 'खाना' गळला आणि कागदांचं नाव जागेला चिकटलं.

'ऑफिस' टाकून 'कार्यालय'च म्हणावं का?

ऑफिसचं मूळ लॅटिन 'ऑफिकियुम', म्हणजे कर्तव्य, सेवा. तिथेही आधी काम, मग खोली. पाटीवर, पत्रावर कार्यालय शोभतं. बोलताना अडचण अशी की मराठी घरात 'कार्य' म्हणजे लग्नमुंज. "कार्यालयात चाललोय" म्हटलं की समोरचा विचारतो, "कोणाचं लग्न?" म्हणून बोलण्यात ऑफिस खुशाल असू द्या. जपायचीच असेल तर कचेरी जपा. पाटीवर तहसील कार्यालय आलं, तरी सातबाऱ्यासाठी निघालेला शेतकरी "कचेरीत जाऊन येतो" असंच सांगून घराबाहेर पडतो.