आधी बिल वाचा, मग सोलरचं बघू

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर): आमचं घर मंगलोरी कौलांचं. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे बिल शून्य येतं. पण मे महिन्यात मुलगा-सून पुण्याहून आले, युनिट २०० च्या वर गेले आणि सगळं बिल भरावं लागलं. आता एक एजंट म्हणतो, सरकार ७८ हजार देतं, सोलर फुकटात बसेल, आधी १० हजार द्या. मीटर सासऱ्यांच्या नावावर आहे, ते वारले. देऊ का?

उत्तर: ताई, एक रुपयाही देऊ नका. फुकटात सोलर बसत नाही. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार मिळतात. हे पैसे पॅनेल बसून, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) लागून, तपासणी झाल्यावर आपल्या बँक खात्यात येतात. तोवर सगळा खर्च आपण करायचा, नाहीतर बँकेचं कर्ज काढायचं. अर्ज सरकारी पोर्टलवर आपल्याच आरआर नंबरने (बिलावरचा ग्राहक क्रमांक) होतो आणि काम नोंदणी असलेल्याच ठेकेदाराकडून घ्यावं लागतं. अर्ज भरण्याआधी हातात रोकड मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पण तुमच्या बाबतीत मुळात सोलरची गरजच मला दिसत नाही. वर्षातले अकरा महिने बिल शून्य असताना पॅनेल वाचवणार काय? त्यातून जांबोटीचा पाऊस. जून ते ऑगस्ट ढग हलत नाहीत, त्या दिवसांत वीज फारच कमी बनते. कौलाखालचे वासे जुने असतील तर पॅनेलच्या वजनासाठी वेगळा लोखंडी सांगाडा लागेल, त्याचा खर्च निराळा.

बिल कानडीत येतं म्हणून आपली माणसं फक्त शेवटचा आकडा बघतात. मी वीज खात्यात बिलांच्या टेबलावर नोकरी केली, लोक हीच तक्रार घेऊन यायचे. गृहज्योतीत सरसकट २०० युनिट फुकट नसतात. २०२२-२३ मधली तुमची महिन्याची सरासरी आणि वर १० टक्के, एवढाच तुमचा हक्क. सरासरी ११० असेल तर १२१ युनिट. त्याच्या वर पण २०० च्या आत गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की पूर्ण बिल. शेजारच्या मुलाकडून हा हक्काचा आकडा एकदा वाचून घ्या आणि भिंतीवर लिहून ठेवा.

मेचं बिल आटोक्यात आणायचं तर पंखे बघा. जुना पंखा ७५ वॅटचा. रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे ११ युनिट. तीन पंखे बदलले की ४८ युनिट वाचले. दोन किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला ३० युनिट जातात, म्हणून पाहुणे असतील त्या महिन्यात बंब पेटवा.

आणि मीटर आजच नावावर करायला टाका. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घराचा उतारा घेऊन हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसात जा. पुढे कधी अनुदान घ्यायचं ठरलं तर मीटरवरचं आणि बँकेतलं नाव एकच लागेल.

प्रश्न (निपाणी तालुका): आईला अर्धांगवायू झाला. आयुष्यभर विड्या वळल्या तिनं. जोतं उंच, तीन पायऱ्या, न्हाणी परसात. चंदगडच्या मावशीला सरकारकडून ३ हजार मिळाले. आम्हाला घर सोयीचं करायला काही मिळेल का?

उत्तर: दादा, मावशींना मिळाले ते महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतले. ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे, आपल्याला लागू नाही. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना मात्र आपलीही आहे. ६० वर्षांवरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तिच्यातून चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची मोफत मिळते. कमोडची खुर्ची पहिल्यांदा मागा. रात्री परसात जायची वेळच येता कामा नये.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, पुढची बरीच दारं त्यावर उघडतात. आपल्या ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू, म्हणजे दिव्यांगांना मदत करणारा ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता, असतो, तोही बहुधा स्वतः दिव्यांग असतो. त्याला घरी बोलवा, कानडी फॉर्म तोच भरून देईल.

वयोश्री योजनेत साधनं मिळतात, बांधकामाला पैसे नाहीत. त्यासाठी पंचायतीकडे जा. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग तिनं दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकारी) नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत उभं राहून विचारा. ही भीक नव्हे.

उतार बांधताना गवंडी घाई करतात. नियम असा की एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच, तर उतार १८ फूट हवा. अंगणात तेवढी जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून काटकोनात वळवा. सात-आठ फुटांत उरकलेल्या उतारावर खुर्ची मागे घसरते. कठडा दोन्ही बाजूंना लावा, कारण आईचा एकच हात धरू शकतो आणि जाताना-येताना तो वेगळ्या बाजूला येतो.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): वर घर, खाली माग. घराचं बिल महिना ३४० युनिट. स्लॅब मोकळा आहे. सोलर परवडेल?

उत्तर: तुम्हाला परवडेल. तीन किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि महिन्याला सरासरी साडेतीनशेच्या आसपास युनिट मिळतात. अनुदान घराच्या मीटरलाच आहे, मागाचा मीटर यात धरू नका. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर, आहेत हे कोटेशनवर लिहून घ्या, नाहीतर अनुदान अडतं. सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे, म्हणून कोटेशन याच महिन्यात मागवा.