पाट्यांच्या पोटातला गंज

प्रश्न : ताई, नमस्कार. गोदावरीच्या पुरात उपयोगी पडावी म्हणून आमच्या मित्रमंडळाने अलिबागकडून एक जुनी फायबरची बोट ट्रेलरसकट विकत आणली. ट्रेलरला दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे पाच-पाच पाटे (झटका झेलणाऱ्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या) आहेत. एरवी तो एका सभासदाच्या द्राक्षबागेतल्या शेडमध्ये उभा असतो आणि सरावाला आम्ही तो गंगापूर धरणावर नेतो. कितीही रंग मारा, पाट्यांच्या फटीतून तांबडं पाणी ओघळतंच. गतिरोधकावर करकर आवाजही येतो. गॅरेजवाले सांगतात, जळकं ऑइल आणि डिझेल मिसळून फवारा. फवारावं का? आणि पाटे कधी बदलायचे?
— एक कार्यकर्ता, मखमलाबाद

उत्तर : फवारू नका. बोट उतरवताना ट्रेलर चाकं बुडेपर्यंत पाण्यात घालावा लागतो. पाट्यांवरचं ऑइल लगेच सुटतं आणि तवंग पसरतो. गंगापूर धरणाचं पाणी नाशिककर पितात. पुरात लोकांना वाचवायला निघालेल्या मंडळाने त्यांच्याच पिण्याच्या पाण्यात जळकं ऑइल सोडावं, हे मला पटत नाही आणि तुम्हालाही पटणार नाही. शिवाय त्याने पाट्यांचंही भलं होत नाही. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्लं आणि धातूची बारीक पूड असते. पाट्यांच्या टोकांत बसवलेले रबरी बुश त्याने फुगून मऊ पडतात. रस्त्यावरची धूळ चिकटून जाड थर बसतो आणि त्याखाली ओल महिनोन्‌महिने टिकून राहते.

आता तांबड्या पाण्याबद्दल. वडिलांच्या काळापासून आमच्या आडगाव नाक्याच्या दुकानात ट्रकचे पाटे खोलले जातात. बाहेरून चकाचक रंगवलेला संच आत किती खाल्लेला असतो, हे मी रोज बघते. दोन पाट्यांमधल्या बारीक फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि सगळ्यात शेवटी सुकतं. बाहेरून रंगाचे थर चढवले की फटीचं तोंड अर्धवट बुजतं, मग आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाटच राहत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो पाट्यांना एकमेकांपासून ढकलतो. पाटे एकमेकांवर सरकायच्या ऐवजी अडकतात आणि करकरतात. खरा धोका मात्र पृष्ठभागावर पडणाऱ्या बारीक खड्ड्यांचा. गाडी हादरली की पाटा सरळ होऊ बघतो आणि त्याची वरची, आत वळलेली बाजू ताणली जाते. त्या ताणाखाली खड्ड्यातूनच तडा सुरू होतो. पाण्याचा तांबडा रंग सांगतो की हे काम आत चालू आहे.

तुमच्या ट्रेलरला गंज लागायला धरणाचं गोडं पाणी फारसं जबाबदार नाही. तो अलिबागेत राहिलाय. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. ते फटीत वाळून बसलं की पावसाळी हवेतली ओल खेचत राहतं, त्यामुळे ट्रेलर मखमलाबादेत कोरड्यात उभा असला तरी पाटे आतून दमटच राहतात. दुसरं कारण द्राक्षबागेची शेड. द्राक्षांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद ओल्या लोखंडावर पडलं की तांब्याचा थर बसतो, हे आपण शाळेतल्या प्रयोगात पाहिलंय. तांब्याच्या ठिपक्यांशेजारचं लोखंड मग जास्त वेगाने खातं. शेडमध्ये पोटॅशच्या गोण्या असतील तर त्या आधी हलवा. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे वजनाने जवळपास निम्मं क्लोराइड, लोखंडाच्या दृष्टीने मिठाचाच भाऊ.

एकदा तरी दोन्ही संच पूर्ण खोलावेच लागतील. बोट उतरवा आणि ट्रेलरची चासी भक्कम स्टँडवर घ्या. स्टँड ॲक्सलखाली लावू नका. चासी उचललेली आणि ॲक्सल लोंबता असला तरच पाट्यांवरचा भार जातो. ॲक्सलला मात्र खालून जॅकचा हलका आधार ठेवा, पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट सुटल्यावर तो अंगावर यायला नको. संच गाडीवरून उतरवला की पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना शिकंजे लावा. नाहीतर पाटे उसळतात आणि बोटं सापडतात.

सुटे पाटे गोड्या पाण्यात चांगले बुडवून ठेवा. मीठ विरघळायला वेळ द्या, पाणी बदला, मग तारेच्या ब्रशने गंज काढा. ब्रश पाट्याच्या लांबीच्या दिशेनेच चालवा. आडवे ओरखडे पडले तर तेच पुढे तड्याची सुरुवात होतात, म्हणून ग्राइंडर तर लावूच नका. ॲसिडमध्येही पाटे टाकू नयेत. ॲसिडमुळे सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं.

साफ झालेला पाटा उन्हात धरून निरखा. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि बुश बसतो त्या वळलेल्या टोकाशी जास्त वेळ द्या, पाटे बहुतेक तिथेच तुटतात. शंका आली तर त्या जागी रॉकेल लावा, थोडं मुरू द्या, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्या आणि वरून खडूची भुकटी फासा. तडा असेल तर आत राहिलेलं रॉकेल हळूहळू खडूत झिरपतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळसर रेघ उमटते. ती रेघ दिसली की त्या पाट्याचा हिशेब संपला. रेघ नसली तरी खड्ड्यांत नख अडकत असेल किंवा पाटा कडेला पातळ झालेला दिसत असेल, तरीही बदला. एकच बाजू नवी करू नका, दोन्ही संच जोडीने घ्या. नवा ताठ आणि जुना बसका असे दोन संच एका ॲक्सलवर आले की ट्रेलर कलतो.

पाटे चांगले निघाले तर प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी झिंक फॉस्फेट प्रायमर आणि रंगाचा पातळ हात द्या. जोडताना मध्ये पाण्याने धुऊन न जाणारं कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस लावा. ट्रकवाले पूर्वापार ग्रॅफाइट ग्रीस वापरतात, पण तुमचा ट्रेलर पुन्हा कधी समुद्राकडे गेला तर तेच अंगाशी येईल. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट शाबूत राहतं आणि त्याला टेकलेलं लोखंड खातं. बाहेरून लॅनोलिनचा हात फिरवा. ते मेंढीच्या लोकरीतलं मेण आहे, धातूला चिवट धरून राहतं. तेही जाड थापू नका, पातळ पुरतं.

सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच टाका. यू-बोल्ट एकदा ताणला गेला की त्याची पकड पूर्वीसारखी राहत नाही. चारही नट तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि बोट चढवून एक फेरी झाली की पुन्हा पाना लावा. यू-बोल्ट सैल राहिला तर सगळा झटका सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि ॲक्सल जागेवरून सरकतो.

धरणावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात ढकलू नका. बेअरिंगचे हब तापलेले असतात. गार पाण्यात ते आकसताना आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, चहा घ्या. परत आल्यावर पाइपच्या साध्या धारेने पाटे धुवा आणि चासी स्टँडवर घेऊन वाऱ्याला सुकू द्या. फटी उघड्या राहिल्या की त्या लवकर कोरड्या होतात. ताडपत्रीत गच्च गुंडाळू नका, आतून घाम धरतो.

सगळं खोलण्याचं काम मे महिन्यातच उरका. 2008 चा पूर सप्टेंबरात आला होता, 2016 आणि 2019 चे ऑगस्टमध्ये. म्हणजे ट्रेलरची गरज पडते तेव्हा तो पावसाळी हवेत दोन-तीन महिने उभा राहिलेला असतो. म्हणून जुलैत एकदा बोट चढवून गावात चक्कर मारा आणि यू-बोल्टपाशी ताजी तांबडी भुकटी दिसते का बघा. दिसली तर नट ढिला आहे असं समजा. ज्याच्यावरून पुराची पातळी ओळखतात, त्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचा निरोप येईल तेव्हा पाना शोधायला वेळ नसतो.

प्रश्न : माझ्या ट्रेलरचा मेन पाटा मधोमध तुटला. सिन्नरला एकाने वेल्डिंग करून देतो म्हटलं. खर्च वाचेल का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने पाट्याचं टेंपर, म्हणजे कारखान्यात तापवून आणलेला चिवटपणा, जातं. सांध्याजवळचा भाग काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या पलीकडचा मऊ पडतो. दोन्हींच्या मधे तो पुन्हा तुटतो, तोही रस्त्यावर. पाटा नवा घ्या.

प्रश्न : चासीला गरम झिंक करून, म्हणजे वितळलेल्या झिंकच्या बाथमध्ये बुडवून, घेतोय. त्याच वेळी पाटेही बाथमध्ये टाकू का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : पाटे वगळा. झिंकचा बाथ साधारण 450 अंश सेल्सिअसला असतो आणि पाट्यांचं टेंपरही त्याच्याच आसपासच्या तापमानाला केलेलं असतं. बाथआधी ॲसिडने धुतात, तो धोका वर लिहिलाच आहे. झिंकचे पाटे हवेच असतील तर कारखान्यातून तसेच तयार होऊन आलेले घ्या. चासीला मात्र जरूर करा. पोकळ पाइपांना हवा आणि झिंक जायला भोकं पाडली आहेत ना, हे ट्रेलर पाठवण्याआधी स्वतः बघा. दोन्हीकडून बंद पाइप बाथमध्ये फुटतो आणि तिथल्या कामगाराच्या अंगावर वितळलेलं झिंक उडतं.