बरणीतला पाऊस, कणकुंबीचा पाऊस

प्रश्न : लेकीसोबत लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरणीत टेरारियम (बंद काचेतली छोटी बाग) केलं. दुसऱ्याच दिवशी काच आतून पांढरी झाली, रोपं दिसेनात. बिघडलं का? (पालक, खानापूर)

बिघडलं नाही, पाणी जास्त झालंय. झाकण काही तास उघडं ठेवा, काच पुसा, पुन्हा लावा. सकाळी काचेवर थोडं दव आणि दिवसा ते ओसरलेलं दिसलं, की प्रमाण जमलं. माती भरताना मुठीत दाबून बघावी : गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. तळाशी बारीक खडी हवीच. बरणी थेट उन्हात मात्र ठेवू नका, बंद काचेत उष्णता कोंडते आणि रोपं करपतात.

प्रश्न : मुलं म्हणतात, काचेवरचं पाणी मातीतलंच. पानांतूनही वाफ निघते हे पटवायचं कसं? (शिक्षिका, निपाणी)

बाई, पटवू नका, दाखवा. शाळेजवळच्या पेरूच्या पानं असलेल्या फांदीवर सकाळी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवून तोंड घट्ट बांधा. दुपारी पिशवीत थेंब दिसतील, आणि तिथे माती नाही. तुमची मुलं अर्धं बरोबरच बोलतायत. पाणी मातीतलंच, पण मुळांनी ओढलं आणि पानांच्या रंध्रांतून वाफ होऊन बाहेर पडलं. ‘बाष्पोच्छ्वास’ हा शब्द थेंब पाहून झाल्यावरच फळ्यावर लिहा. आधी शब्द दिला की मुलं तो पाठ करतात आणि पिशवीकडे बघतही नाहीत.

प्रश्न : झाकण बंद असताना झाड गुदमरणार नाही?

नाही. उजेडात पानं ऑक्सिजन सोडतात. झाडाच्या श्वसनातून आणि मातीतले जीव पाला कुजवतात त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा पानांना मिळतो. गळलेली पानं तेवढी काढा, नाहीतर बुरशी धरते.

प्रश्न : नातू विचारतो, बरणीतलं पाणी तिथंच फिरतं, मग आपला पाऊस कुठं जातो? (आजोबा, बेळगाव)

काका, बरणी जिथं अपुरी पडते नेमकं तिथंच बोट ठेवलंय त्यानं. त्याला नकाशा द्या. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते, तिथे ती मांडवी होते आणि अरबी समुद्र गाठते. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांकडे जातो!

मग बरणीच्या झाकणावर बर्फाची वाटी ठेवा. खालच्या बाजूला थेंब धरतील. बरणीत झाकण गार असतं. सह्याद्रीत समुद्राकडून आलेली दमट हवा डोंगरावर चढताना स्वतःच गार होते आणि पाऊस होऊन घाटमाथ्यावर कोसळते. पूर्वेला अथणीकडे पोचेपर्यंत तिच्यातलं पाणी बरंच सरलेलं असतं, म्हणून तो भाग कोरडा. तिकडं कुणी नातेवाईक असतील तर दोन्ही घरी सरळ कडेचे सारखे डबे अंगणात ठेवा. पावसाळाभर रोज सकाळी पट्टीनं पाणी मोजून डबा रिकामा करायचा, आणि रविवारी नातवानं फोनवर आकडे ताडून बघायचे.