टेम्पोवाल्याच्या स्टॅम्प पेपरवर सही नको, आणि डिस्चार्ज कार्ड आजच वाचा

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाला पुण्यात नवले पुलाच्या उतारावर टेम्पोनं मागून ठोकलं, मांडीत रॉड टाकलाय, आणि आता टेम्पोमालक चाळीस हजार देतो म्हणतोय, फक्त 'आमची काही तक्रार नाही' असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. सही करू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

एक तर पैसे त्याच्या खिशातून यायचेच नाहीयेत. थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे गाडीनं दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा, सक्तीचा असतो, त्यामुळे क्लेम ड्रायव्हर, मालक आणि इन्शुरन्स कंपनी तिघांवर टाकतात आणि पॉलिसी चालू असेल तर बहुतेक वेळा भरते कंपनीच. ड्रायव्हरकडे लायसन नव्हतं तरी कोर्ट पुष्कळदा कंपनीला म्हणतं, आधी यांना द्या, मग मालकाकडून वसूल करा. तेव्हा 'मी गरीब माणूस' हे रडगाणं ऐकून विरघळू नका.

दुसरं, पोलीस केस वेगळी आणि क्लेम वेगळा, इथे खूप जण गंडतात. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या) कलम 281 आणि 125 खाली बेदरकार गाडी चालवून इजा केल्याची जी केस होते तिच्यात ड्रायव्हरला दंड किंवा शिक्षा होईल, पण भावाच्या उपचारांचा आणि बुडालेल्या पगाराचा हिशोब तिथे होत नाही. तो 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली अपघात ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टात होतो, तुमच्यासाठी शिवाजीनगर कोर्टात. कायद्यात आता अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आधी प्लास्टर निघू दे मग बघू असं करू नका. 2022 च्या नियमांनी पोलिसांनी 48 तासांत पहिला रिपोर्ट आणि 90 दिवसांत सविस्तर रिपोर्ट ट्रिब्युनलला द्यायचा असतो, पण चौकीत जाऊन मागे लागावंच लागतं. एफआयआर, स्पॉट पंचनामा आणि टेम्पोच्या पॉलिसीची कॉपी तिथूनच मिळते.

आता माझं सांगतो. 2019 ला मला कारनं साइडनं उडवलं, मित्रानं रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं, कॅज्युअल्टीत डॉक्टरनं विचारलं काय झालं, हा घाबरलेला, म्हणाला 'गाडीवरून पडला'. डॉक्टरनं तेच लिहिलं, आणि डिस्चार्ज कार्डावर हिस्टरीच्या रकान्यात तीच ओळ उतरली. आम्ही कोणी वाचलीच नाही, बिलं तेवढी जपून ठेवली. पुढे उलटतपासणीत कंपनीच्या वकिलानं ती ओळ मोठ्यानं वाचली आणि शांतपणे विचारलं, म्हणजे तुम्ही स्वतःच पडलात ना? माझ्या तोंडाला कोरड पडली. पंचनाम्यात कारच्या दाराला माझ्या गाडीचा रंग लागल्याची नोंद होती आणि कोपऱ्यावरचा चहावाला साक्षीला आला, म्हणून निभावलं.

रकमेचं म्हणाल तर एक ढोबळ हिशोब. समजा वय 28, पगार 25 हजार. वर्षाचे 3 लाख, या वयाला सुप्रीम कोर्टाच्या 2009 च्या निकालाप्रमाणे गुणक (वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा) 17, म्हणजे 51 लाख. कामावर परिणाम 20 टक्के धरला तर 10 लाख 20 हजार, वर उपचारांचा खर्च, बुडालेला पगार, वेदनांचे पैसे आणि व्याज वेगळं. आता चाळीस हजार आठवा! पण गोम अशी की अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरचे टक्के नुसत्या पायाचे असतात, कोर्ट बघतं की त्या माणसाच्या कामावर काय फरक पडला. भाऊ डिलिव्हरीचं काम करतो म्हणालात, जिने चढणं हेच ज्याचं पोट त्याचं नुकसान खुर्चीवर बसणाऱ्यापेक्षा जास्त, वकिलाला हे मांडायला सांगा. पगार हातात रोख येत असेल तर बँकेतल्या एंट्र्या, ॲपवरचे हिशोब, जे असेल ते आत्ताच काढून ठेवा.

मेडिक्लेम मिळाला म्हणून बिलं सोडू नका, ती रक्कम भरपाईतून कापायची नाही असं मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचनं 2025 मध्ये सांगितलंय.

वकील टक्केवारी मागेल. बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही, तरी सर्रास मागतात, फी आधीच आकड्यात ठरवून लेखी घ्या. आणि लोक अदालतीत तडजोड करायची वेळ आली तर घाई नको, त्यावर अपील नसतं.

भावाचं डिस्चार्ज कार्ड काढा आणि हिस्टरीपुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं मला कळवा. 'पडला' लिहिलं असेल तर उद्याच डॉक्टरांना दुरुस्तीचा लेखी अर्ज द्यायचा, कसा लिहायचा ते सांगतो.