आरबीसीचं गणित: वाचकांचे प्रश्न

पुरवठादार ‘90 टक्के बीओडी (जिवाणूंना पाण्यातली सेंद्रिय घाण पचवायला लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचं माप) निघेल’ म्हणतो. हाच आकडा धरून आरबीसीचा (सांडपाण्यात अर्धवट बुडून फिरणाऱ्या, जैवथर म्हणजे जिवाणूंचा थर वाढलेल्या चकत्यांच्या यंत्राचा) अंदाज बांधू का?

नका बांधू. टक्केवारी भारावर ठरते. भार बदलला की तीही बदलते. रोजचा प्रवाह गुणिले विरघळलेली बीओडी, भागिले चकत्यांचं क्षेत्रफळ, हा आकडा आधी काढा. नमुना गाळूनच तपासा, कारण जैवथरात थेट शिरतं ते विरघळलेलं अन्न. पहिल्या टप्प्यावर (एकामागोमाग टाक्यांपैकी पहिल्या टाकीत) हा भार दर चौरस मीटरला रोज 12 ते 15 ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. पुढचं सगळं भाकीत यावर उभं आहे.

एकूण क्षेत्रफळ तेवढंच असेल, तर टप्पे पाडून काय मिळतं?

खूप काही. संशोधक ओपॅटकेन यांच्या द्वितीय कोटीच्या सूत्रात बीओडी घटण्याचा वेग तिच्या वर्गाच्या प्रमाणात धरलेला आहे. समजा, रोज 100 घनमीटर सांडपाणी येतं, विरघळलेली बीओडी लिटरला 120 मिलिग्रॅम आणि चकत्या 3000 चौरस मीटर. सगळ्या चकत्या एकाच टाकीत ठेवल्या, तर स्थिरांक 0.00974 धरून बाहेर सुमारे 19 मिलिग्रॅम येते. त्याच चकत्या 1000-1000 च्या तीन टप्प्यांत विभागा: 120 वरून 30, मग 13, शेवटी 8. एकाच टाकीत सगळा जैवथर 19 च्या पातळ पाण्यात राहतो. टप्प्यांमध्ये पहिल्या चकत्यांना 30 चं दाट पाणी मिळतं. मला हे गणित फार आवडतं; चकती एकही न वाढवता निकाल निम्म्याहून खाली येतो.

सूत्रानुसार 8 मिलिग्रॅम यायला हवेत, आम्हाला 25 मिळतात. पहिल्या चकत्यांवर पांढरा थर आलाय.

आधी बघा, 25 ही एकूण बीओडी तर नाही ना? सूत्र फक्त विरघळलेली सांगतं; सुटून आलेल्या जैवथराचे कण त्यात नाहीत. पण पांढरा थर दुसरंच सांगतोय. निरोगी पहिला टप्पा तपकिरी, खरबरीत दिसतो. पांढरे तंतू बहुधा बेजियाटोआचे असतात. त्यांना सल्फाइड लागतं, म्हणजे कुठेतरी प्राणवायू संपलाय. सूत्राला प्राणवायूची मर्यादा कळत नाही, म्हणून अशा ठिकाणी त्याचा अंदाज हमखास जास्त आशावादी निघतो. पहिल्या टाकीतला विरघळलेला प्राणवायू गर्दीच्या तासाला मोजा. दिवसाच्या सरासरीत हा खड्डा दिसत नाही. तळाशी गाळ साचलाय का, तेही पाहा. भार खरंच जास्त असेल, तर पहिल्या दोन टप्प्यांमधला पडदा काढून दोन्हींचा मिळून एक टप्पा करा. कागदावर टप्पा कमी होतो, पण जैवथराला श्वास मिळतो.

अंदाजासाठी न्यूरल नेटवर्क (जुन्या नोंदींवरून शिकणारी संगणकीय पद्धत) वापरावं का?

बऱ्याच काळाच्या नोंदी असतील, तर जरूर. पण ते तुमच्याच प्लांटचं आणि पाहिलेल्या भारापुरतंच बोलेल. नव्या प्लांटच्या आखणीसाठी नको.

अमोनियाचा अंदाज हिवाळ्यात चुकतो.

विरघळलेली बीओडी साधारण 15 मिलिग्रॅमच्या खाली आल्याशिवाय नायट्रीकरण (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) नीट सुरू होत नाही, त्यामुळे त्याआधीच्या चकत्या या हिशोबात धरू नका. पुढे जास्तीत जास्त वेग दर चौरस मीटरला रोज दीड ग्रॅम नायट्रोजन. पाणी 13 अंशांच्या खाली गेलं की तो उतरतो, म्हणून क्षेत्रफळ सर्वांत थंड महिन्याच्या पाण्यावरून काढा, हवेच्या तापमानावरून नाही. क्षारताही (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) मोजा: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात सुमारे 7 ग्रॅम खर्ची पडते.